गणवेश, मोबाइल आणि हजेरी: नियमावली लिहिण्याआधी मस्टर उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माध्यमिक शाळेची नियमावली नव्याने लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. सध्याच्या नियमांनुसार गणवेश अपुरा असला की मुलाला गेटवरूनच घरी पाठवतात, मोबाइल सापडला तर तो वर्षअखेरपर्यंत ऑफिसच्या कपाटात जातो, उशिरा येणाऱ्याला दंड होतो आणि हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर परीक्षेला बसू देत नाहीत. पालक भांडायला येतात, शिक्षक वैतागलेत, आणि नियम कडक करावेत की सैल करावेत यावर तुमच्या समितीचं एकमत होत नाहीये.

कडक की सैल हा वाद तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही गणवेश, मोबाइल आणि हजेरी हे तीन विषय एका ओळीत, एकाच तोलाचे म्हणून मांडलेत आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मूल वर्गात येऊन बसणं हे शाळेचं मूळ काम. गणवेश आणि मोबाइलचे नियम हवेत ते त्या तासात शिकणं नीट व्हावं एवढ्यासाठी. म्हणून जुन्या नियमावलीतलं प्रत्येक कलम एका प्रश्नावर तपासा: हा नियम मोडल्यावर आपण जे करतो, त्यात मुलाचा तास बुडतो का? बुडत असेल तर ते कलम तुमच्याच हजेरीच्या नियमाविरुद्ध काम करतंय.

अशाच कामासाठी एका शाळेत गेले होते तेव्हा पर्यवेक्षकांकडून दोन वह्या मागून घेतल्या. एक वर्गाचं मस्टर आणि दुसरी गेटवर शिपाई ठेवायचा ती गणवेशाची वही. दोन्ही शेजारी ठेवून तारखा जुळवल्या. गणवेशाच्या वहीत ज्या नावापुढे ‘बूट नाहीत’ किंवा ‘शर्ट वेगळा’ असा शेरा होता, मस्टरमध्ये त्याच तारखेला त्याच नावापुढे गैरहजेरी. दुसऱ्या दिवशीही गैरहजेरी, कारण बूट काही एका रात्रीत येत नाहीत. वर्षाच्या शेवटी याच मुलांच्या घरी कमी हजेरीची पत्रं गेली होती. शाळेतल्या कोणीही हे दोन कागद एकत्र पाहिले नव्हते. तुमच्याकडेही आधी हे करून पाहा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. समितीतले अर्धे वाद त्या दोन वह्यांनी मिटतील.

आता हजेरी. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण नियमावल्यांमध्ये सगळ्यात कमी विचार याच भागाचा झालेला असतो. बहुतेक शाळा वर्गाची सरासरी पाहतात. समजा वर्गात ४० मुलं आहेत आणि वर्षात कामाचे २०० दिवस. म्हणजे एकूण ८००० हजेऱ्या. सरासरी ९२ टक्के आली तर ६४० गैरहजेऱ्या झाल्या, आणि ९२ टक्के ऐकायला बरंच वाटतं. पण यातल्या ४०० गैरहजेऱ्या फक्त पाच मुलांच्या असू शकतात, प्रत्येकी ८० दिवस. उरलेल्या ३५ जणांच्या वाट्याला वर्षभरात जेमतेम सात-सात दिवस येतात. कागदावर वर्ग उत्तम आणि पाच मुलांचं जवळजवळ अर्धं वर्ष गेलेलं. तेव्हा सरासरी वरिष्ठांच्या अहवालापुरती ठेवा. तुमच्या टेबलावर दर महिन्याला नावं यायला हवीत.

दुसरी गोष्ट ७५ टक्क्यांची. २०० दिवसांत ७५ टक्के म्हणजे ५० दिवस गैरहजर राहिलं तरी घंटा वाजत नाही. वाजते तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं आणि करण्यासारखं काही उरत नाही, म्हणून मग परीक्षा अडवण्याची भाषा येते. परीक्षा मंडळाची अट असेल तर ती पाळावीच लागेल. पण शाळेने स्वतःची रेषा त्याच्या बरीच आधी आखावी. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शैक्षणिक वर्षातले १० टक्के दिवस बुडाले की ते मूल काळजीच्या यादीत येतं, कारण काहीही असो. आजारपणाची रजा धरूनच. महिन्याला साधारण दोन दिवस. ‘कारण काहीही असो’ हे शब्द तुमच्या नियमात जसेच्या तसे घ्या. रजेचा अर्ज आला की गैरहजेरी ‘माफ’ झाली असं आपण धरतो, पण अर्ज आला म्हणून बुडालेलं बीजगणित त्या मुलाला येत नाही. पहिल्याच महिन्यात ज्याचे दोनपेक्षा जास्त दिवस गेले त्याच्या घरी वर्गशिक्षकांनी त्याच आठवड्यात फोन करावा. जाब विचारायला अजिबात नको, ‘काय अडचण आहे’ एवढंच विचारायला.

घरी असं कळवण्याचा उपयोग होतो का? होतो, आणि त्यावर चांगला अभ्यास आहे. टॉड रॉजर्स आणि ॲव्ही फेलर यांनी फिलाडेल्फियात २८ हजारांहून अधिक घरांवर एक प्रयोग केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांचं म्हणणं असं की आपलं मूल किती दिवस शाळेत गेलं नाही याचा पालकांचा अंदाज बराच कमी असतो. एक-एक दिवस सुटतो, बेरीज कोणी करत नाही. नुसता एकूण आकडा कळवणारी पत्रं पाठवल्यावर सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण १० टक्के किंवा त्याहून जास्त घटलं. इतर मुलांशी तुलना जोडूनही पाहिली, तिने जास्तीचा फरक पडला नाही. त्यामुळे पत्रात ‘वारंवार गैरहजर’ असले शब्द नकोत. ‘शाळा सुरू झाल्यापासून आजवर आपली मुलगी ११ दिवस आलेली नाही’ एवढं लिहा आणि खाली वर्गशिक्षकांचा नंबर द्या. धमकीचा परिच्छेद नको.

बक्षिसाबद्दल सांगितलं की शिक्षक माझ्यावर रागावतात. पूर्ण हजेरीचं प्रमाणपत्र आपल्याला निरुपद्रवी वाटतं. कार्ली रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या १५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर हे तपासलं. आधी जाहीर केलेल्या बक्षिसाने हजेरी वाढली नाही, आणि आधी न सांगता नंतर दिलेल्या प्रमाणपत्राने तर पुढच्या काळातली हजेरी किंचित घसरली. मुलांनी त्यातून असा अर्थ घेतला असावा की आपण अपेक्षेपेक्षा जास्तच येतोय, असा संशोधकांचा कयास आहे. माझी हरकत त्याहून साधी आहे. ताप असताना मुलाला शाळेत ढकलणारं बक्षीस शाळेने का द्यावं?

गैरहजेरी एकाच प्रकारची नसते, हेही नियमावलीत दिसलं पाहिजे. घरून निघून शाळेत न पोहोचणारा, म्हणजे सरळ दांडी मारणारा मुलगा वेगळा. सोमवारी सकाळी पोट दुखतं म्हणून घरीच राहणारी मुलगी वेगळी. तिच्या आईवडिलांना ती कुठे आहे हे माहीत असतं, दुखणं खरं असतं, आणि शनिवारी दुपारी मात्र ते नाहीसं होतं. या दुसऱ्या प्रकारात कारण बहुधा शाळेतच सापडतं: एखादा विषय, एखादा शिक्षक, मधल्या सुट्टीतलं टोळकं, स्वच्छतागृह. तिथे शिक्षा केली की भीती दुप्पट होते, आणि ‘बरं वाटेपर्यंत राहू दे घरी’ म्हटलं की परतणं रोज अवघड होत जातं. रोज दोन तास का होईना तिला शाळेत आणायचं आणि आठवड्याआठवड्याने वेळ वाढवायची, याची मुभा नियमात लिहून ठेवा. नाहीतर मस्टर भरणारे शिक्षक तिला अर्ध्या दिवसाची गैरहजर दाखवतील आणि सगळं मुसळ केरात जाईल.

तिसराही गट आहे. धाकट्या भावंडाला सांभाळायचंय, आजी रुग्णालयात आहे, घरात कमावणारं कोणी नाही. अशा घरी नियमाची प्रत पाठवून काही होत नाही. तिथे शाळेच्या समुपदेशकाने किंवा समाजसेवकाने जायचं असतं.

उशिरा येण्याचा मुद्दा लवकर संपतो. उशीर आणि गैरहजेरी मस्टरमध्ये वेगवेगळी नोंदवा. इंग्लंडच्या हजेरीपटात त्यासाठी दोन खुणा आहेत. हजेरी बंद व्हायच्या आत आलेला ‘एल’, म्हणजे उशिरा पण हजर. त्यानंतर आलेला ‘यू’, त्या सत्रापुरता गैरहजर. हजेरी शक्यतो अर्ध्या तासापेक्षा जास्त उघडी ठेवू नये असा तिथला संकेत आहे. दहा मिनिटांचा उशीर म्हणून पूर्ण दिवसाची गैरहजेरी लावली की मुलं शहाणी होतात. गैरहजेरी लागणारच आहे तर कशाला जायचं, असा हिशेब ती करतात.

आणि दंड काढून टाका. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी यांनी इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत केलेला प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले. पूर्वी लाज वाटायची, आता पैसे भरले की मोकळे. दंड मागे घेतल्यावरही प्रमाण खाली आलं नाही. शाळेत तर त्याहून वाईट, कारण पैसे पालकांचे आणि मार मुलाला.

गणवेशाकडे येऊ. गणवेशाने शिस्त आणि हजेरी सुधारते असं आपण वर्षानुवर्षं म्हणत आलोय. डेव्हिड ब्रन्स्मा आणि केरी रॉकमोर यांनी अमेरिकेतल्या दहावीच्या मुलांची माहिती तपासून १९९८ साली जो लेख लिहिला, त्यात हजेरीवर किंवा वर्तनावर गणवेशाचा थेट परिणाम दिसला नव्हता. मी गणवेशाच्या विरोधात नाही. सकाळी काय घालायचं हा प्रश्न सुटतो, श्रीमंती-गरिबी थोडी झाकली जाते, सहलीत मूल ओळखू येतं. एवढी कारणं पुरेशी आहेत. पण गणवेशासाठी तास बुडवावा इतका त्याचा अधिकार नाही.

नियम लिहिताना मनाईची यादी लांबवू नका. ‘हे नको, ते नको’ करत गेलात की दर वर्षी नवी फॅशन येते आणि यादी पुरत नाही. काय हवं तेवढंच लिहा: शर्ट या रंगाचा, विजार किंवा स्कर्ट या रंगाचा, बंद बूट, प्रयोगशाळेत केस बांधलेले. प्रत्येक अटीपुढे कारण लिहून पाहा. बंद बूट कशाला, तर खेळताना आणि प्रयोगशाळेत पायाला इजा होऊ नये म्हणून. बूट काळेच कशाला? ‘पूर्वीपासून आहे’ याशिवाय उत्तर सापडलं नाही तर ती अट सोडा. शाळेचं बोधचिन्ह छापलेले कपडे जितके कमी तितका खर्च कमी. इंग्लंडने २०२१ साली गणवेशाच्या खर्चाबद्दल कायदाच केला आणि त्याखालच्या सूचनांत बोधचिन्हाच्या वस्तू कमीत कमी ठेवायला सांगितलं. विजार की स्कर्ट हा पर्याय मुलींना द्या. पाळीच्या दिवसांत फिक्या रंगाचा स्कर्ट घालून यायचं टाळण्यासाठी मुली घरी राहतात, आणि मस्टरमध्ये ते ‘आजारी’ म्हणून दिसतं. ज्यांच्याकडे गणवेशाचा एकच जोड आहे त्यांचं काय होतं तेही बघा. धुतलेला वाळला नाही की दिवस बुडाला.

यावर सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे एक कपाट. चार-पाच मापांचे धुतलेले जोड आणि बूट त्यात असतात, किल्ली शिपायाकडे किंवा परिचारिकेकडे. मूल येतं, बदलतं, वर्गात जातं, सुटताना परत देतं. नाव लिहायची वही नको, परिपाठात उल्लेख नको. मुलगी असेल तर तिच्याशी कपड्यांबद्दल फक्त शिक्षिकाच बोलतील, तेही बाजूला घेऊन, आणि स्कर्टची लांबी पट्टीने मोजायचा प्रकार कोणीही करणार नाही, हेसुद्धा लिहून टाका. हे लिहायला लागावं याचं वाईट वाटतं, पण लागतं.

धार्मिक खुणा, दागिने, केस यांबाबत मात्र दुसऱ्या शाळेची नियमावली उचलू नका, कारण देशोदेशीचा कायदा उलट्या दिशांना जातो. फ्रान्सने २००४ साली सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी घातली. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयापुढे २००७ साली डर्बनच्या एका विद्यार्थिनीच्या नाकातल्या चमकीचं प्रकरण आलं, तेव्हा न्यायालयाने सांगितलं की शाळेने तिला वाजवी सवलत द्यायला हवी होती. अमेरिकेत १९६९ सालच्या टिंकर खटल्यात युद्धाच्या निषेधार्थ काळी फीत बांधलेल्या विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल लागला. कसोटी अशी की शाळेच्या कामात खरोखर मोठा अडथळा आला का. तुमच्याकडचा कायदा वकिलाला विचारा आणि सवलत मागायची पद्धत नियमातच ठेवा: अर्ज कोणाकडे करायचा, उत्तर किती दिवसांत मिळेल, आणि तोवर मूल वर्गात बसेल.

आता मोबाइल, म्हणजे खरा तापाचा विषय. वर्गात फोन नको, याबद्दल माझं मत पक्कं आहे. पण त्यातून काय साधेल याबद्दल फार मोठी वचनं पालकांना देऊ नका. लुई-फिलिप बेलांड आणि रिचर्ड मर्फी यांनी इंग्लंडमधल्या शाळांवर केलेल्या अभ्यासात बंदीनंतर गुण वाढले ते मुख्यतः अभ्यासात मागे असलेल्यांचे, हुशार मुलांना फारसा फरक पडला नाही. स्वीडनमध्ये तशाच पद्धतीने पाहिल्यावर परिणाम दिसलाच नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या २०२५ सालच्या अभ्यासात शाळेतल्या बंदीचा मुलांच्या मानसिक स्वास्थ्याशी संबंध आढळला नाही. दिवसभरातल्या एकूण वापराशी मात्र होता. शाळेचे सहा तास सांभाळून रात्रीचे चार तास सुटतातच. तरीही तास शांत जातो आणि मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांशी बोलतात, हे मला पुरेसं वाटतं.

नियमात यंत्रांची नावं घालू नका. ‘मोबाइल आणू नये’ लिहिलं की घड्याळातून संदेश जातात, चष्म्यात कॅमेरा येतो. ज्यातून संदेश जातो, चित्र किंवा आवाज टिपला जातो असं कोणतंही उपकरण, अशी व्याख्या करा. अपवाद लगेच खाली लिहा. मधुमेह असलेल्या काही मुलांच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर असतो आणि त्याचे आकडे फोनवर येतात. त्यांचा फोन काढून घेणं म्हणजे जिवाशी खेळ. श्रवणयंत्रही फोनशी जोडलेलं असू शकतं. फ्रान्सच्या २०१८ सालच्या बंदीतही अपंग आणि आजारी मुलांसाठीची उपकरणं वगळलेली आहेत, आणि शिक्षकाने शिकवण्यासाठी दिलेली परवानगीही.

फोन दप्तरात बंद करून ठेवायचा की सकाळी जमा करायचा, हे तुमच्याकडे माणसं किती आहेत त्यावर ठरवा. जमा करून घेतलात की जबाबदारी तुमची. तास चालू असताना फोन सापडला तर तो मुलानेच बंद करायचा, पाकिटात घालायचा, वर नाव, वेळ आणि ‘स्क्रीनला तडा आहे’ किंवा ‘नाही’ असं लिहून दोघांनी सही करायची, आणि पाकीट ऑफिसात. शाळा सुटताना परत. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पालकांच्या हाती. त्यापुढे महिनाभर रोज सकाळी ऑफिसात जमा. वर्षअखेरपर्यंत दुसऱ्याची वस्तू अडकवून ठेवण्याचा अधिकार शाळेला कुठून आला, असं पालकांनी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नाही. शिवाय त्या फोनवरूनच घरी कोणीतरी मुलाची खबर घेत असतं.

जप्त केलेला फोन उघडून पाहू नका. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली रायली खटल्यात एकमताने ठरवलं की पोलिसांनासुद्धा अटक केलेल्या माणसाचा फोन सर्वसाधारणपणे वॉरंटशिवाय तपासता येत नाही. तो निकाल पोलिसांपुरता आहे, पण त्यातून शाळेने धडा घ्यावा. त्यातही एखाद्या मुलाचं किंवा मुलीचं नग्न छायाचित्र फिरतंय असं कळलं तर कोणत्याही शिक्षकाने ‘पुरावा’ म्हणून ते स्वतःच्या फोनवर घेऊ नये, मुख्याध्यापकांना पाठवू नये. अनेक देशांत ते जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. फोन बंद करून पाकिटात घाला आणि बालसंरक्षण यंत्रणेला किंवा पोलिसांना कळवा. तुमच्या आत्ताच्या नियमावलीत याबद्दल एकही ओळ नाही. ती पहिल्यांदा घाला.

तासाला वाजणारे बरेच फोन पालकांचेच असतात. ऑफिसचा एक नंबर द्या, तो कोणीतरी उचलेल याची खात्री करा आणि निरोप पुढच्या तासाआधी पोहोचवा. शिक्षकांनीही वर्गात फोन काढायचा नाही. हजेरी फोनवरच्या ॲपमध्ये भरायची असेल तर तसं मुलांना सांगून भरा.

‘मग धाक काय राहणार?’ असं समितीत कोणीतरी म्हणेलच. जो नियम प्रत्येक शिक्षक सारखाच आणि दर वेळी पाळायला लावतो, त्याला शिक्षा मोठी लागत नाही. तीन शिक्षक डोळेझाक करतात आणि चौथा घरी पाठवतो, तिथेच भांडणं होतात. उन्हात उभं करणं, सगळ्यांसमोर अपमान करणं हे पर्याय नाहीतच. भारतात २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. शाळा सुटल्यावर वर्गशिक्षकांशी पंधरा मिनिटं बसणं, पालकांसह बोलणी, लेखी करार, आणि अगदी शेवटी शाळेतच वेगळ्या खोलीत शिक्षकासोबत तोच अभ्यास, एवढ्या पायऱ्या पुरतात. प्रत्येक पायरीपुढे ती कोण अमलात आणणार हे लिहा. ‘योग्य ती कारवाई केली जाईल’ हे वाक्य जिथे सापडेल तिथे खोडा.

नवी नियमावली व्हायला तुम्हाला काही महिने लागतील. ऑफिसच्या कपाटात आत्ता पडून असलेले फोन मात्र तेवढे थांबू नयेत. या आठवड्यात पालकांना बोलवा, सही घ्या आणि परत करा. गेटवरून घरी पाठवणं उद्यापासून बंद करण्यासाठीही मुख्याध्यापकांची दोन ओळींची सूचना पुरेशी आहे.